चिंचेच्या पाण्यातला समुद्री गोळा

मी एक जुना शेवाळाचा गोळा आहे. मित्रांनो, शेवाळ म्हटल्यावर नाक मुरडू नका. तलावाच्या पायरीवरून तुम्हाला पाडते ते शेवाळ वेगळे आणि आमचे घराणे वेगळे. आम्ही समुद्रातले. पाण्यातला चुना अंगात मुरवून आम्ही दगडासारखे कडक होतो आणि गवंड्याने विटा जोडाव्यात तशी प्रवाळाची बेटे सांधून धरतो. प्रवाळाची इवली पिल्ले घर थाटायला जागा शोधत येतात, तीही पुष्कळदा आमच्याच पाठीवर बसतात. एवढे करून नाव होते ते प्रवाळाचे. असो, मला त्याचा राग नाही.

जिवंत होतो तेव्हा मी छान गुलाबी होतो. उबदार पाण्यात लाटांबरोबर गडगडत मी कवठाएवढा झालो. त्याला कित्येक वर्षे लागली, कारण आमच्या घराण्यात घाई कोणालाच नसते. मग एका वादळाने मला वाळूवर फेकले. तिथे उन्हात माझा जीव गेला आणि रंगही उडाला. सैन्यात नोकरीला असलेल्या गुलाबराव मेश्राम यांनी मला उचलले, ट्रंकेत घातले आणि थेट भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरला आणले. तुम्ही मात्र किनाऱ्यावरून असे काही आणू नका. समुद्राचे समुद्रात राहू द्यावे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे मला हातात घेऊन उलटेपालटे करत. पुढे कौतुक ओसरले आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवू लागले. गुलाबरावांची मुलगी राखी शिकून साकोलीच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका झाली, तेव्हा कुठे माझे दिवस पालटले. एका रविवारी तिने मला दारामागून उचलले आणि म्हणाली, "बाबा, हा दगड नाही. हे शेवाळ आहे. उद्या याले शाळेत नेते." तिच्या वर्गातल्या मुलांनी नागझिऱ्याच्या जंगलातले रानगवे पाहिले होते, पण समुद्र कोणीच पाहिला नव्हता. समुद्रातली एक वस्तू हातात देईन, असा शब्द तिने त्यांना दिला होता. माझा आनंद गगनात मावेना.

राखी बाजाराला गेली आणि मी मंदाबाईंच्या हाती लागलो. मंदाबाई म्हणजे राखीची आई. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी उमर घालवली, भांड्यांना उजाळा देण्यात. त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू चमकली नाही, असे कधी झाले नव्हते. धम्मचक्र दिन जवळ आला होता, म्हणून घरातले सगळे पितळ एका घमेल्यात चिंचेच्या पाण्यात भिजत पडले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"एवढा मळका गोटा नेते का शाळेत? पोरं हासतीन," असे म्हणून त्यांनी मलाही प्रेमाने त्याच घमेल्यात ठेवले.

माझ्या अंगातून फसफस बुडबुडे निघू लागले. "मळ निघून राहिला," मंदाबाई खूश होऊन म्हणाल्या. मळ कसला, मीच निघून चाललो होतो. शेजारचा तांब्या सोन्यासारखा उजळत होता आणि वर्षानुवर्षे जमवलेले माझे थर विरघळत होते. पाणी उथळ होते म्हणून अर्धे अंग वर राहिले, तेवढे वाचले.

राखी परत आली. तिने मला उचलले, तर तिच्या बोटांना खडूसारखी पांढरी भुकटी लागली. तिने घमेल्याकडे पाहिले आणि मग आईकडे.

"मले वाटलं, हा पन चमकन," मंदाबाई हळूच म्हणाल्या.

"अवं मंदा, पितळ नोहे ते," गुलाबराव म्हणाले.

मंदाबाईंचा चेहरा पार उतरला. आता माझी रवानगी उकिरड्यावर, अशी मला धास्ती वाटली. राखीने मला बराच वेळ फिरवून पाहिले. एक बाजू गाठीगाठींची, दुसरी झिजून सपाट. मग ती म्हणाली, "आई, उद्या तू पन चाल शाळेत."

"मी? कायले?"

"हे कसं झालं ते तूच सांग पोरायले."

दुसऱ्या दिवशी मंदाबाई वर्गासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही न लपवता सगळे सांगितले. कोणी हसले नाही. आंबटात चुना विरघळतो आणि समुद्रातही आता थोडे तसेच होत आहे, असे राखीने पुढे सांगितले. मी या हातातून त्या हातात फिरलो. डिंपल नावाच्या मुलीने माझ्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवले आणि विचारले, "पन मॅडम, समुद्रात चिंच कोन टाकून राहिलं?"

राखीने खिडकीबाहेर हायवेवरच्या ट्रककडे हात केला. गाड्या, कारखाने, कोळसा, या सगळ्यांच्या धुरातला एक वायू समुद्र पिऊन घेतो आणि त्याचे पाणी हळूहळू बदलते, असे तिने सांगितले. ते चिंचेइतके आंबट कधी होत नाही. पण आमच्या शेवाळाला चुना जमवणे जड जाते, जमवलेला टिकवणे त्याहून जड, आणि आम्ही ढिले पडलो की बेटही ढिले पडते.

मंदाबाई मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "राखी, याले त तू घमेल्यातून काढलं. तिथल्यायले कोन काढन?"

राखीने तो प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला.

मित्रांनो, आता मी शाळेतच असतो, आणि सुखात असतो. कधी साकोलीला आलात तर मला हातात घ्या, दोन्ही बाजूंनी चाचपून पाहा. माझ्या भाईबंदांना मात्र कोणी बाहेर काढू नका, ते पाण्याबाहेर जगत नाहीत. त्यांच्यासाठी पाणीच सांभाळावे लागेल.