गच्चीचं गिऱ्हाईक

रामकरणजींनी स्वयंपाकघरात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. नळाला पाणी केव्हा येतं आणि किती वेळ टिकतं ते उमाकांत समजावून सांगत होते. रामकरणजी ‘जी, जी’ म्हणत सरळ जिन्याकडे वळले. उजवा पाय ओढत, भिंतीला तळवा टेकत एकेक पायरी चढू लागले.

“गच्ची कालच पाहिली ना त्यांनी?” शालिनीनं हळू आवाजात विचारलं.

“पाहू देत. घर घेणारा माणूस चार वेळा पाहणारच,” म्हणत उमाकांतही वर गेले.

तिलक नगरातलं हे घर विकायला काढल्यापासून किती तरी गिऱ्हाइकं येऊन गेली होती. एकानं होकायंत्र काढून न्हाणीघर ईशान्येला असल्याचं खापर उमाकांतांवर फोडलं होतं. एक बाई भिंती ठोकून ठोकून पोकळ आवाज शोधत राहिली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या उमाकांतांना या सगळ्याचा वीट आला होता. पुण्यात वरुणनं स्वतःच्या सोसायटीतच आईवडिलांसाठी फ्लॅट पाहून ठेवला होता. इथलं घर विकलं की निघायचं, एवढंच बाकी होतं. अशा वेळी चौमूं गावचे हे रामकरणजी आले. भाजीपाल्याचे मोठे व्यापारी, पांढरंशुभ्र धोतर, मोजकं बोलणं. सांगितलेल्या किमतीवर त्यांनी घासाघीस केली नाही. दलाल विमल खूश होता आणि उमाकांत तर त्याहून खूश.

शालिनीला मात्र हा माणूस पहिल्या दिवसापासून खटकत होता. त्यांनी कागदपत्रं मागितली नव्हती. वीज, पाणी, गटार, शेजार, कशाचीच चौकशी केली नव्हती. बुधवारी मोतीडुंगरीच्या गणपतीला गर्दी होते, त्या बाजूनं गाडी काढायची नाही, असं उमाकांतांनी आपणहून सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती.

तिसऱ्या वेळी ते दलालाला न घेता एकटेच आले. जीपमधून ताज्या मटारची मोठी पिशवी काढून त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि हात जोडले.

“भाभीजी, वर जाऊन येऊ का?”

उमाकांत पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. नाही म्हणायला शालिनीला कारण सापडेना. ते वर गेल्यावर थोड्या वेळानं तिनं धुतलेल्या कपड्यांची बादली उचलली आणि चपला न घालताच जिना चढली.

ते पाण्याच्या काळ्या टाकीआड उभे होते. संक्रांत जवळ आलेली, आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरं पतंगांच्या मांज्यात गुंतलेली होती, पण यांची नजर आकाशाकडे नव्हती. मागची गल्ली अरुंद होती. तिच्या पलीकडे एक पिवळं घर होतं आणि त्याच्या गच्चीवर वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलगी दोरीवर बाळाचे लंगोट वाळत घालत होती. मुलीनं इकडे तोंड वळवलं, तसे रामकरणजी अर्धं पाऊल मागे सरकले. तिनं पाठ फिरवली, तसे पुन्हा पुढे झाले.

शालिनीनं बादली जरा जोरातच खाली ठेवली.

“हवा छान आहे तुमच्या गच्चीवर,” ते गडबडून म्हणाले.

“थंडीत बरी असते.”

तिनं एक चादर झटकून दोरीवर टाकली. चादरीच्या पलीकडून त्यांचा आवाज आला.

“त्या पिवळ्या घरात वर कोण राहतं?”

“भाडेकरू आहेत.”

“नवरा कामाला जात असेल.”

“जात असेल.”

“केव्हा जातो?”

चिमटा लावता लावता शालिनीचा हात थांबला. तो मुलगा सकाळीच स्कूटर काढून जगतपुऱ्याला जातो, तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो आणि संध्याकाळपर्यंत परत येत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “आम्ही कुणाच्या अध्यातमध्यात नसतो.”

दुपारी जेवताना तिनं सगळं उमाकांतांच्या कानावर घातलं. त्यांनी हसण्यावारी नेलं.

“अगं, साठी उलटलेला माणूस आहे तो.”

“म्हणून काय झालं? टाकीमागे लपून परक्या बाईकडे बघतो आणि तिचा नवरा घरात केव्हा नसतो ते विचारतो.”

“वर मजला चढवायचा असेल. नाही तर मोबाइलचा टॉवर लावायचा असेल. आजूबाजूला कोण आहे, कोण तक्रार करेल, याचा अंदाज घेत असेल. सोमवारी इसार घ्यायचाय, शालिनी. आता उगाच काही काढू नकोस.”

“ज्याला घरातलं काहीच बघायचं नाही, त्याला घर कशाला हवंय?”

उमाकांतांचा घास हातातच राहिला. पैसा कशाला हवाय, हा प्रश्न त्यांनी स्वतः कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला विचारला होता. नंतर ते पुन्हा हसले नाहीत.

उन्हं कलायच्या आत शालिनी मागच्या गल्लीत गेली. पिवळ्या घरातल्या सुमनशी तिची ओळख भाजीच्या गाडीवरची. एकदा वाऱ्यानं तिची ओढणी शालिनीच्या गच्चीवर उडून आली होती, तेव्हा ती न्यायला आली होती आणि चहा घेऊन गेली होती. माहेर कुठलं, असं शालिनीनं त्या दिवशी सहज विचारलं तर मुलगी नुसतं ‘लांब आहे’ म्हणाली होती. माहेरचं कुणी तिच्याकडे आलेलं कधी दिसलं नव्हतं.

सुमननं दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती. हाताला कणीक लागलेली होती.

“आंटी? या ना.”

शालिनी बसली नाही. सगळा वेळ मनात घोळवलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं. आमचं घर बघायला एक माणूस येतो, तो तुझ्यावर नजर ठेवतो, कपडे वाळत घालायला काही दिवस गच्चीवर येऊ नकोस, नवऱ्याला सांग.

सुमननं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“कसा दिसतो?”

“म्हातारा आहे. धोतर, खाली वळलेल्या मिशा. चौमूंचा आहे म्हणे, भाजीचा मोठा व्यापार आहे. उजवा पाय ओढत चालतो.”

“पाय ओढत?” सुमन एकदम म्हणाली. “केव्हापासून?”

हा प्रश्न शालिनीला अगदी अनपेक्षित होता. सुमन भिंतीला टेकून खाली बसली. मुलीनं तिच्या हाताची कणीक ओरबाडायला सुरुवात केली, ते तिला कळलंही नाही.

“ते माझे वडील आहेत,” ती म्हणाली.

नवरा जातीतला नव्हता. लग्न करून आशीर्वादाला दोघं चौमूंला गेली, तेव्हा वडिलांनी दारातूनच हाकललं होतं. पुन्हा या उंबऱ्यावर दिसलीस तर पाय तोडीन, म्हणाले होते. मुलगी झाल्याचं सुमननं मावशीला फोन करून घरी कळवलं होतं. पलीकडून काही उत्तर आलं नव्हतं. पत्ता मात्र मावशीनं विचारून घेतला होता.

असल्या गोष्टींचे शेवट शालिनीनं वर्तमानपत्रात वाचले होते. आतापर्यंत तिला तो माणूस नुसता लोचट वाटत होता. आता त्याचा प्रत्येक प्रश्न तिला नव्यानं ऐकू येऊ लागला.

“हे बघ,” ती म्हणाली, “आम्ही घर त्यांना देणार नाही. मी आजच सांगते यांना. आणि तुम्ही दोघं काही दिवस दुसरीकडे राहायला जा.”

“त्यांना माझं काही वाईट करायचं असतं तर ते फाटकातून आले असते, आंटी. टाकीमागे नसते उभे राहिले.” सुमननं मुलीच्या मुठीतली कणीक काढून घेतली. मग म्हणाली, “घर त्यांना द्या.”

“सुमन...”

“द्या. फक्त एक करा. तुमच्या जिन्याला कठडा नाही. ओढणी घ्यायला आले होते तेव्हा मलाच भीती वाटली होती. त्यांचा पाय असा असेल तर...” तिनं डोळे मनगटानं पुसले, कपाळाला पीठ लागलं. “माझं नाव काढू नका. मी सांगितलं असं कळता कामा नये.”

घरी येऊन शालिनीनं उमाकांतांना सांगितलं, तेव्हा काळजीची पाळी त्यांची आली. ते खोलीत येरझाऱ्या घालू लागले.

“म्हणजे तू म्हणत होतीस त्यापेक्षा हे वाईट आहे. लहान आहे ती पोर. बाप लाडका असतो, तिला काय कळतंय? उद्या काही बरंवाईट झालं तर? आपणच आणून बसवला असं होईल, तिच्या घराच्या डोक्यावर.”

“ती म्हणते, द्या.”

“आणि तुला काय वाटतं?”

शालिनीला काहीच नक्की वाटत नव्हतं. आडोशाला उभा असलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. लपणारा माणूस प्रेमानं लपतो की डाव साधण्यासाठी, हे पाठीकडून कसं ओळखायचं?

“सोमवारी येऊ देत,” ती म्हणाली. “इसार घ्यायचा की नाही ते तेव्हा बघू. पण कठडा उद्याच्या उद्या लावून घ्या.”

“विकायच्या घराला कठडा? वेडी झालीस का? गिऱ्हाईक म्हणतं रंग लावून द्या, तर तेवढंही कुणी करत नाही.”

तरी दुसऱ्याच दिवशी वेल्डर आला. दिवसभर जिन्यात ठिणग्या उडत राहिल्या आणि उमाकांत त्याच्या डोक्यावर उभे राहून, प्रत्येक दांडी हलवून बघत राहिले.

सोमवारी दलाल कागद घेऊन बैठकीत बसला. उमाकांत त्याच्यासमोर बसले खरे, पण पेन त्यांनी खिशातच ठेवलं होतं. रामकरणजींनी पाण्याचा पेला रिकामा केला, नेहमीसारखे हात जोडले आणि जिन्याकडे निघाले. शालिनी त्यांच्यामागे गेली. तिनं फोन मुठीत घट्ट धरला होता.

पहिल्या पायरीशी ते थांबले. सवयीनं भिंतीकडे गेलेला त्यांचा हात मध्येच राहिला.

“हे नवीन आहे.”

“हो.”

त्यांनी कठडा धरला, जोर लावून पाहिला. “मजबूत आहे.” मग किंचित हसले. “घर विकताना असा खर्च कोण करतं, भाभीजी? माझ्या पायाकडे बघून केलात ना?”

“पाय मी पहिल्याच दिवशी पाहिला होता,” शालिनी म्हणाली. “कठड्याचं मला सुचलं नव्हतं.”

“मग भाईसाबांना?”

“त्यांनाही नाही.”

रामकरणजींनी तिच्याकडे पाहिलं. आजवर तिनं त्यांना बाजूनं, पाठीमागून, चादरीआडून असंच पाहिलं होतं. आता ती त्यांच्या चेहऱ्यावरून नजर न काढता उभी राहिली. मिशीखालचे ओठ काही तरी जुळवत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. त्यांनी वर, गच्चीच्या दाराकडे पाहिलं. परत कठड्याकडे पाहिलं. मग हळूच खाली, दुसऱ्या पायरीवर बसले.

“तिला माहीत आहे?” त्यांचा आवाज जेमतेम ऐकू आला.

शालिनी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

“म्हशीनं पाडलं मला,” ते कठड्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. “गेल्या पावसाळ्यात. सगळे भेटायला आले. मी खाटेवरून दाराकडेच बघत होतो. तिला कळवायचं नाही, असं मीच सांगून ठेवलं होतं. तरी बघत होतो.”

बैठकीतून दलालाचा खोकला आला. उमाकांत त्याला चौमूंच्या रस्त्यावरच्या गर्दीबद्दल काही तरी विचारत होते, आणि त्यांचा एक कान इकडे आहे हे शालिनीला कळत होतं.

“एरवी सकाळी लवकर तिचे कपडे वाळत पडलेले असतात,” ती म्हणाली. “आज दोरी अजून रिकामी आहे. मघाशी मी पाहिलं, बादली घेऊन नुसती उभी होती.”

रामकरणजी उठले. दोन्ही हातांनी कठडा धरून चढू लागले, आधीपेक्षा भराभर. वळणावर त्यांचा पाय अडखळला, हात घट्ट झाला आणि ते पुढे गेले. गच्चीचं दार उघडल्याचा आवाज झाला. उन्हाचा एक पट्टा जिन्यात उतरला आणि तसाच राहिला. दार त्यांनी लोटून घेतलं नव्हतं.

शालिनी खालच्या पायरीशी उभी होती. वरून काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी तिनं फोन ओच्यात खोवला आणि ती बैठकीच्या दारात आली.

उमाकांत ताडकन उठले. “एकटे सोडलेस त्यांना वर?”

“हो.”

ते तिच्याकडे बघत राहिले. तिनं नुसती मान हलवली. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पुन्हा खाली बसले.

शालिनी स्वयंपाकघरात गेली. पुण्याला न्यायच्या सामानाला तिनं इतके दिवस हात लावला नव्हता. गिऱ्हाईक पक्कं होऊ दे, मग बघू, असं म्हणत आली होती. आज तिनं स्टूल ओढलं, वरच्या फळीवरचा पितळी डबा खाली काढला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला.