इनायतच्या फुप्फुसाचा तुकडा

डांबराच्या वाफेवर कंपनीचा उतारा काय, तर शिफ्टला एक गुळाचा खडा. म्हणे छाती साफ होते. नीलिमाला त्या गुळाची शिसारी यायची, आणि का येऊ नये?

चाकण रस्त्यावरच्या त्या कारखान्यात लोखंडी पाइप उकळत्या डांबरात बुडवत. इनायत वर्षानुवर्षं त्या कढईपाशी उभा राहिला आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला. ऑपरेशनमध्ये काढलेला त्याच्या फुप्फुसाचा तुकडा धाकट्या भावाने, अन्वरने, पिंपरीच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या नीलिमाला दिला होता. तिने तो काचेच्या बशीत जिवंत ठेवला आणि त्यावर डांबरातलं रसायन सोडलं. बिचाऱ्या पेशी ते धुऊन बाहेर टाकायला झटत होत्या, आणि त्या धुण्यातच त्याचं जहर होत होतं. कुणाच्या फुप्फुसात ते थोडं होई, इनायतच्या फार झालं.

आता त्याच कढईपाशी अन्वर उभा होता. निदान वाफ खेचणारा पंखा बसावा, म्हणून नीलिमा अहवाल घेऊन मॅनेजर मधुसूदनरावांकडे गेली.

त्यांनी तो चहाचे फुरके मारत वाचला.

"म्हणजे बाई, जहर फुप्फुसच तयार करतं. आमचं डांबर नाही."

"डांबरच नसेल, तर फुप्फुस कशाचं करणार?"

"पण सगळ्यांचं सारखं करत नाही, हे तुम्हीच लिहिलंय." साहेबांची कळी खुलली. "इनायतचंच खराब निघालं. भावाचंही तसलंच असणार. उद्यापासून तो कामावर नको."

"त्याचं मी तपासलेलं नाही."

"तपासायचं काय त्यात? एकाच रक्ताचे."

"आणि पंखा?"

"कशाला? धोक्याचा माणूसच उरला नाही ना आता."

मेलेल्याच्या मांसावर खापर फोडून हा गृहस्थ रुमालाने मिशा पुसत होता. नीलिमाला त्याची किळस आलीच, पण जास्त स्वतःची आली, कारण हत्यार तिनेच सही करून आणून दिलं होतं.

फाटकाशी अन्वर वाट पाहत होता. मुठीतला गूळ मोडून त्याने अर्धा तिच्या हातावर ठेवला.

"तोंड गोड करा, ताई. पंखा कधी बसतोय?"

गूळ घामाने चिकटला होता, त्याला डांबराचा वास येत होता. तो तसाच धरून तिने सगळं सांगितलं.

अन्वरने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"भाईचं फुप्फुस आम्ही तुम्हाला दिलं होतं, ताई," तो म्हणाला. "ह्यांना नाही."