तीनदा करून बघ

बिलकीस परत आली त्याला आता महिना होईल. आखाडा बाळापूरच्या बाजारात तिच्या वडिलांचं, चाँद पाशाचं, गाद्या भरायचं दुकान आहे. त्या दुकानातून ती शिकायला जर्मनीला गेली, आणि दीड वर्षानं पदवी न घेता त्याच दुकानात परतली. एका विषयात ती तीन वेळा नापास झाली. तिच्या विद्यापीठाचा नियम असा की एका विषयाला तीनच संधी. तिसरी गेली की तो अभ्यासक्रम तिथंच संपला.

गावात लोक आपापल्या परीनं कारण काढतात. कोणी म्हणतं थंडी सोसली नाही, कोणी म्हणतं पोरीची जात, झेपलं नाही. खरं कारण निराळं आहे, आणि त्यात माझा हात आहे. म्हणून लिहितो.

मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. माझ्या वर्गात एक नियम होता. गणित अडलं, तर आधी तीनदा स्वतः करून बघायचं. तिसऱ्यांदाही नाही आलं, तरच पाटी घेऊन माझ्या टेबलापाशी यायचं. नियम कसा सुरू झाला तेही सांगून टाकतो. एका खोलीत तिसरी आणि चौथी मिळून साठ लेकरं, आणि मी एकटा. प्रत्येक जण जरासं अडलं की उठून आलं असतं, तर टेबल मोडलं असतं. म्हणजे नियम माझ्या सोयीचा होता. पुढे काही वर्षांनी मी त्याला संस्कार म्हणू लागलो. माणूस सोयीच्या गोष्टीला चांगलं नाव फार लवकर शोधतो.

बिलकीस चौथी पास होईपर्यंत एकदाही टेबलापाशी आली नाही. पाटीवर लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. पुढच्या प्रत्येक वर्गाला मी तिचं उदाहरण द्यायचो. "बिलकीस कधी टेबलापाशी आली नाही." माझी बायको गंगूताई एकदा म्हणाली होती, "अहो, त्या पोरीला कधी काही अडलंच न्हाई का? का अडलं आन तिनं सांगितलं न्हाई?"

मी हसलो होतो.

परभणीला ती अन्नतंत्रज्ञान शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि पुढच्या शिक्षणासाठी तिनं जर्मनीत प्रवेश मिळवला. निघायच्या आदल्या दिवशी बापलेक भेटायला आले. चाँदभाई ओसरीवर बसून टोपी सारखी करत राहिला.

"गुरुजी, पोरगी चालली. तिथं आपलं कोण हाय? कोनाला इचारंल ही?"

"चाँदभाई, हिला कुणाला विचारायची गरज पडत नाही," मी म्हणालो.

बिलकीसनं मान खाली घातली. मला वाटलं, स्तुतीनं लाजली.

निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी माझ्या ओसरीवर वीसेक लेकरं अभ्यासाला येतात. बिलकीस गेल्यावर आम्ही एक खेळ सुरू केला. दर शनिवारी लेकरांनी मिळून तिला एक प्रश्न पाठवायचा. ती आठवडाभरात उत्तर शोधायची आणि माझ्या मोबाइलवर पत्रासारखं लांबलचक लिहून पाठवायची. मी ते मोठ्यानं वाचायचो. भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता. त्यावर बाळापूर छापलेलं नव्हतं, म्हणून पिंटूनं शाईचा ठिपका दिला. तो ठिपका एवढा मोठा झाला की नांदेडही त्याखाली गेलं.

पहिला प्रश्न पिंटूचाच होता. "तिथं म्हशी हायेत का?"

या एका प्रश्नासाठी बिलकीसनं दोन आठवडे शोध घेतला. मग बस बदलत एका खेड्यात गेली. तिला सतरा म्हशी सापडल्या. प्रत्येकीच्या कानात नंबर होता आणि गळ्यात नावाची पाटी. "त्यांचं दूध कोणी पीत नाही, सगळ्याचं चीज करतात," तिनं लिहिलं. "मी एकीच्या पाठीवर हात ठेवला आणि मराठीत बोलले. तिनं कान हलवले. महिन्याभरात पहिल्यांदा कोणाशी तरी मराठीत बोलले."

लेकरं हसली. मीही हसलो. शेवटच्या वाक्याशी मी थांबायला हवं होतं, ते आज कळतं.

मुन्नीनं विचारलं, तिथं रविवारी बाजार भरतो का? उत्तर आलं, रविवारी सगळं बंद. रस्त्यावर स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. माणसं रानात फिरायला जातात, काही कामाशिवाय. एका म्हाताऱ्या जोडप्यानं तिला बरोबर घेतलं आणि कोणतं अळंबं खायचं, कोणतं नाही ते दाखवलं. बर्फाला वास कसा येतो, या प्रश्नाला तिनं लिहिलं की बर्फाला वास नसतोच, उलट तो बाकीचे सगळे वास झाकतो, आणि मग आपल्याला आपल्या स्वेटरचा वास यायला लागतो. एका तुर्की माणसाच्या दुकानात तिला हळद मिळाली. रंग फिका होता. तिनं त्याला सांगितलं, आमच्या वसमतची हळद बघा, बोटं तीन दिवस पिवळी राहतात. तो म्हणाला, मग बोटं दाखव. ती म्हणाली, आता गेला रंग.

त्या पत्रांमुळे लेकरं शनिवारची वाट बघायची. खरं सांगायचं तर मीही बघायचो.

पहिल्या फेब्रुवारीत एक पत्र आलं. सुरुवातीला गोठलेल्या तळ्याचं वर्णन होतं. त्यावर माणसं चालत होती आणि एक कुत्रं घसरून बसलं होतं. खाली असं होतं:

"गुरुजी, माझा एक पेपर राहिला. संख्याशास्त्र. आमच्या बाई दर बुधवारी दोन तास दार उघडं ठेवून बसतात. कोणीही जाऊन विचारावं. इथली मुलं पहिल्याच आठवड्यात जातात, अगदी साधं साधं विचारतात, आणि कोणी हसत नाही. मी अजून गेले नाही. जाऊ का?"

हे शेवटचे शब्द मला एकट्याला लिहिलेले होते. मी ते वाचण्याच्या ओघात सगळ्यांसमोर वाचून टाकले. आणि वाचल्यावर मला शिकवायची लहर आली.

"सांगा बरं," मी लेकरांना विचारलं, "आपली बिलकीस काय करेल?"

वीस लेकरं एका सुरात ओरडली, "तीनदा करून बघंल!"

मी मोबाइल पुढे धरला, पुन्हा म्हणायला लावलं, आणि तो आवाज तिला पाठवून दिला. तीनदा करून बघ! मागून पिंटूचा "बिलकीस आपाऽ" पण होता. तिनं एक हसरा चेहरा पाठवला. गंगूताई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तिनं लेकरांना थोडंच इचारलं होतं?"

जुलैत तिनं एका ओळीत कळवलं, "पुन्हा राहिला, गुरुजी. अजून एकदा." मी उत्तर दिलं, "शाब्बास. तिसऱ्यांदा जमतंच." तिसरी वेळ तिथं शेवटची असते हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारणं हे माझ्याही अंगात नव्हतं.

पत्रं मात्र येत राहिली. उलट अधिक चांगली येऊ लागली. किल्ला, मधमाशांचं घर, नदीकाठची सायकलवाट. मला वाटलं, मजेत आहे पोरगी. मग या फेब्रुवारीत पत्रं थांबली. पुढचे सगळे शनिवार मी लेकरांना जुनीच वाचून दाखवली. मार्चच्या शेवटी चाँदभाईचा फोन आला.

"गुरुजी, बिलकीस येऊन राहिली."

"सुट्टी लागली का?"

"न्हाई जी. कायमचीच."

ती आल्यावर आठवडाभर मी त्या बाजूला गेलो नाही. मग गेलो. दुकानात पिंजायचं यंत्र चालू होतं आणि सगळीकडे कापूस उडत होता. बिलकीस खाली बसून दाभणानं गादीला टाके घालत होती. केसांवर, भुवयांवर कापूस होता. मला बघून चाँदभाईनं यंत्र बंद केलं.

"बसा गुरुजी, नवी गादी हाय. अजून कोनी बसलं न्हाई हिच्यावर. गिऱ्हाइकाला सांगू, मास्तरनं तपासून दिली."

मी बसलो. आधी तीच बोलली.

"गेले होते मी गुरुजी, बाईंच्या दारापर्यंत. तीन बुधवार."

"मग?"

"दुसऱ्या मजल्यावर खोली होती. बाहेर बाक होता. मी बाकावर बसून आतलं ऐकायचे. पयल्या बारीला वाटलं, अजून एकदा स्वतः करून बघावं. उठून आले. दुसऱ्या बारीलाबी तेच."

"आणि तिसऱ्यांदा?"

तिनं दोरा दातानं तोडला. "तिसऱ्यांदा माझाच नंबर होता. बाईंनी बाहेर डोकावून इचारलं, तुझं काय आहे? मी म्हणाले, काही नाही, मैत्रिणीची वाट बघतेय."

चाँदभाई कापसाचा ढीग उगाच हातानं चाचपत होता.

"निकाल लागल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं," ती म्हणाली. "पेपर समोर ठेवला. म्हणाल्या, तुझी चूक दर वेळी एकाच जागी आहे. दहा मिनिटांचं काम होतं. तू एकदाही का आली नाहीस? मी काय सांगू त्यांना? टेबलापाशी जाणं म्हंजी आमच्याकडं काय असतं, हे इंग्रजीत कसं सांगायचं?"

"बिलकीस," मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"व्हय," ती म्हणाली.

चाँदभाई दचकला. "अगं ए! गुरुजीला असं बोलतात का?"

"अब्बा, गुरुजीच म्हणून राहिले, मी कुठं म्हणले?" मग माझ्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "थोडी माझीबी हाय. मी मोठी झाले होते. पण तो लेकरांचा आवाज मी लई बारी ऐकला, गुरुजी. रडू आलं की लावायचे. बरं वाटायचं. आन मग वाटायचं, आता कसं जावं? वीस लेकरं बघून राहिली."

गादीचा कोपरा ओढून घेत तिनं विचारलं, "तुमी कधी कोनाला इचारलं का, गुरुजी? अडल्यावर?"

मी आठवून पाहिलं. चौतीस वर्षं आठवून पाहिली.

निघताना म्हणालो, शनिवारी ओसरीवर ये, लेकरं तुझी आठवण काढतात. ती दाभणात दोरा ओवत म्हणाली, "आता नको. ती इचारतील, आणि मला म्हशींचंच सांगता येईल." चाँदभाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. माझ्या पाठीवरचा कापूस त्यानं हातानं झाडला आणि म्हणाला, "पोरगी धड परत आली, बस झालं." तो माझी समजूत घालत होता. खरं तर ते काम माझं होतं.

पुढच्या शनिवारी मी लेकरांना सांगितलं, आजपासून तो नियम बंद. पहिल्यांदा अडलं की लगेच यायचं. पुसायचं नाही, तसंच घेऊन यायचं. लेकरं माझ्याकडे बघत राहिली. पिंटू म्हणाला, "गुरुजी, आमची परीक्षा घेऊन राहिले का?"

मी पाच भागाकार दिले. अर्धा तास झाला. कोणीच उठलं नाही. मुन्नी कोपऱ्यात पाटीवर कोपर ठेवून बसली होती. ती अडली की तशी बसते, हे मला गेल्या वर्षापासून माहीत आहे. मी खुर्चीवरून उठलो, तिच्याजवळ गेलो आणि जमिनीवर मांडी घातली. गुडघे कुरकुरले.

"काय अडलं, मुन्नी?"

"काई न्हाई, गुरुजी."

"दाखव तर."

"एकदाच झालंय अजून," ती हळूच म्हणाली.

"एकदा पुरे आहे, बाळ. दाखव."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी खरं बोलतोय का हे तपासत होती. मी हात पुढे केला. आणि माझा हात पोचायच्या आत तिनं तळव्यानं पाटी पुसून टाकली.