सनस्क्रीनच्या चौदा पेट्या

इन्व्हॉइसवर ‘सनस्क्रीन, चौदा पेट्या’ एवढंच लिहिलं होतं आणि तिथेच घोळ झाला. माल पाठवणाऱ्या चाकणच्या कारखान्याला म्हणायचं होतं, इमारतीला ऊन लागू नये म्हणून बाहेरून बसवायचे भाग. कागद भरणाऱ्याने तो शब्द वाचला आणि अंगाला लावायच्या क्रीमचा कोड टाकून मोकळा झाला. एका केअर होमला दोन टन क्रीम कशाला लागतं, असं कस्टम्सने विचारलं आणि इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टन बंदराच्या गोदामात माल अडकला.

तो घोळ निस्तरायला वरदाकडे आला. बंदराजवळच्या एका छोट्या क्लिअरिंग एजंटकडे ती बारा वर्षं नोकरी करत होती. बाहेरून आलेली वस्तू नेमकी काय आहे हे ठरवायचं आणि टॅरिफमधला, म्हणजे आयातकराच्या यादीतला, तिचा दहा आकडी कोड शोधायचा, हे तिचं काम. क्रीम नाही हे उघड होतं. पण मग काय? खिडकीचा पडदा म्हणायचा, की इमारतीच्या सांगाड्याचा भाग? दोन्हींचे कोड वेगळे. कारखान्याने पाठवलेल्या ड्रॉइंगवरून तिला काहीच उलगडेना.

केअर होमच्या मॅनेजर मॉरीनचा रोज फोन यायचा. जून संपत आला होता. दक्षिणेकडच्या खोल्या दुपारी इतक्या तापत, की म्हाताऱ्या माणसांना खुर्च्यांसकट कॉरिडॉरमध्ये आणून बसवावं लागे.

शनिवारी सकाळी वरदा ते ड्रॉइंग स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसली होती. बाबा चहाचा कप ठेवायला आले आणि तिथेच थांबले.

पुरुषोत्तमरावांना इथे येऊन सात महिने झाले होते. वरदाची आई, अनुराधाबाई, गेल्यावर तिने हट्टाने त्यांना पुण्याहून आणलं होतं. ते तक्रार करत नसत. कपबशा विसळत, बागेत चार फेऱ्या मारत आणि बाकीचा वेळ सोफ्याच्या एका कोपऱ्यात, पाहुण्यासारखे, टेकून न बसता बसत. भोसरीच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये एकतीस वर्षं फोरमन असलेला हा माणूस. त्याच्या एका हाकेने अख्खी शेड गप्प व्हायची.

“हा सेक्शन उलटा काढलाय,” ते म्हणाले.

“काय?”

“पाण्याची बाजू आत दाखवलीय. पाऊस काय खोलीत घ्यायचाय?” त्यांनी चष्मा नाकावर चढवला. “कुणी काढलंय हे?”

वरदाने खुर्ची सरकवली. “बाबा, बसा जरा.”

मंगळवारी माल बघायची परवानगी मिळाली. तांत्रिक सल्लागार म्हणून तिने बाबांचं नाव दिलं. गेटवर त्यांना पिवळं जाकीट आणि दोन नंबर मोठे सेफ्टी बूट मिळाले. ते घालून गोदामात चालताना त्यांची पाठ हळूहळू ताठ होत गेली, हे वरदा मागून बघत होती.

पहिली पेटी उघडली. आत हातभर रुंदीच्या लांबलचक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या. बाबांनी एकीच्या कडेवरून अंगठा फिरवला, टोकाच्या भोकात डोकावून पाहिलं, मग दुसऱ्या पेटीतला ब्रॅकेट मागितला. गोदामातल्या माणसाने एक पाना दिला. बाबा गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले आणि वीस मिनिटांत जमिनीवर एक चौकट उभी राहिली.

“हे बघ,” ते म्हणाले. “हा ब्रॅकेट भिंतीच्या आत काँक्रीटमध्ये जातो. वाऱ्याचा सगळा भार ह्याच्यावर. एकदा बसवलं की हे भिंतीचंच. पडदा तू स्वतः काढून धुवायला टाकशील, हे काढायला क्रेन लागेल.”

“म्हणजे इमारतीचा भाग.” वरदाने सुटकेचा निःश्वास टाकला. “झालं तर. चौदा पेट्या, एक कोड.”

“आधी सगळ्या उघड.”

“बाबा, यादीवर एकच आयटम आहे. आज पाठवलं तर शुक्रवारपर्यंत माल सुटेल.”

“यादीवर क्रीमसुद्धा होतं.”

तिने एकेक पेटी उघडायला लावली. अकरावी, बारावी, तेरावी, सगळीकडे पट्ट्याच निघाल्या. चौदाव्या पेटीत मात्र कापडाचे गुंडाळलेले ब्लाइंड्स होते, खोलीच्या आतून लावायचे.

“ह्याचा कोड वेगळा ना?” बाबांनी विचारलं.

“वेगळा. नवीन कागद करावे लागतील. आणखी आठवडा जाईल.”

“मग जाऊ दे. आहे ते लिही.”

परतताना गाडीत बाबा एकदम म्हणाले, “आपल्या पुण्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आठवते तुला? पश्चिमेची?”

“गजांना टॉवेल बांधलेला असायचा.”

“संध्याकाळी ऊन थेट ओट्यावर यायचं. तुझ्या आईने लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला सांगितलं होतं, एक छज्जा करून द्या. एक पत्रा, दोन अँगल. अर्ध्या दिवसाचं काम. मी बँकांना केले, हॉस्पिटलांना केले. घरी आलो की म्हणायचो, पुढच्या रविवारी.” त्यांनी चष्मा काढला. “तिने परत विचारलं नाही, गं. टॉवेल तेवढा बदलत राहिली.”

वरदाने गाडी कडेला घेतली. आई चिडली नव्हती असं म्हणावं, तर ते तिला ठाऊक नव्हतं. तिने बाबांच्या मांडीवरचा हात हातात घेतला. पाना पकडून बोटांना काळं लागलं होतं. आई गेल्यापासून ते रडले नव्हते; आता रडले, तोंड खिडकीकडे करून. तीही रडली. मागून एक बस हॉर्न देऊन गेली.

“चल,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “कागद कर.”

तिने दोन नोंदींचं नवं डिक्लेरेशन केलं, एक पट्ट्यांची, एक ब्लाइंड्सची. बाबांनी सांगितलेलं भार, ब्रॅकेट, काँक्रीट, सगळं सोप्या इंग्रजीत लिहिलं, सोबत जमिनीवरच्या चौकटीचे फोटो लावले. कस्टम्सने आणखी दोन प्रश्न विचारले. दोन्हींची उत्तरं बाबांनी जेवताना दिली. नवव्या दिवशी माल सुटला. मॉरीनला उशीर झाल्याचं वाईट वाटलं होतं आणि तिने ते बोलूनही दाखवलं. पण काम चालू असताना पट्ट्यांची वरची बाजू कुठली यावरून फिटर अडले, तेव्हा तिनेच फोन केला, “तुमचे वडील येऊ शकतील का?”

बाबा तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वरदा त्यांना आणायला गेली. दक्षिणेच्या खोलीत ऊन आता पट्ट्यापट्ट्यांनी जमिनीवर उतरत होतं आणि खुर्च्या परत आत आल्या होत्या. बाबा एका खुर्चीत पाठ टेकून बसले होते. शेजारी मिस्टर पेनफोल्ड, वूल्स्टनच्या जहाजकारखान्यातले जुने वेल्डर, वय नव्वदीला आलेलं. दोघांच्या मध्ये चहा आणि कागदाच्या नॅपकिनवर काढलेला कसलासा जोड. ॲल्युमिनियमला वेल्ड करताना ते वाकू नये म्हणून काय करावं, यावर त्यांची जुंपली होती. बाबांचं इंग्रजी अडखळत होतं, पेनफोल्डना ऐकू कमी येत होतं आणि त्याचं दोघांनाही काही नव्हतं.

“बाबा, निघायचं?”

त्यांनी मान वर केली. “तू हो पुढे. ह्यांना पटत नाहीये अजून. मी बसने येतो.”

“कुठली बस, माहीत आहे?”

“विचारीन की,” ते म्हणाले आणि नॅपकिन आपल्याकडे ओढून घेतला.