टीपकागदावरची फांदी

लेक सहा महिन्यांची झाली आणि मी विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहालयात परत रुजू झाले. माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "त्या लाल शेवाळाचं एकदाचं मिटव. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत बीजाणू दाखव, नाहीतर 'नवी जात' हे शब्द प्रबंधातून जातील."

समुद्रातलं ते शेवाळ नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी गोळा केलेलं. पुन्हा कुणाला सापडलंच नाही. आमच्याकडे एकच नमुना, आणि त्यातली बीजाणू धरणारी वरची फांदीच गायब. जागेवर नुसता गुलाबी डाग. माझी चार वर्षं त्या डागावर टांगलेली.

त्या शुक्रवारी दुपारपर्यंत सासूबाईंना तीन फोन झाले.

"अगं, जेवली, खेळतेय. तुझ्यावाचून तिचं काही अडलेलं नाही!"

फोन ठेवून दुसऱ्या, ताज्या शेवाळाचे नमुने दाबायला घेतले. शेवाळाला डिंक लागत नाही, ते स्वतःच्याच चिकटपणाने कागदावर बसतं. म्हणून वर मलमल घालायची, मग टीपकागद, मग दाब. मागच्या आठवड्यात लेकीला ताप होता, त्या काळजीत मी मलमलच विसरले. आणि शेवाळ निघालं ते टीपकागदाला चिकटूनच.

मलमल पसरता पसरता हात थांबला. फांदी वाळून गळली असती तर इतका ठसठशीत डाग कसा उरला असता? तीही ओली असतानाच टीपकागदाला चिकटून गेली असेल तर?

"काका, जुने टीपकागद कुठेत?"

"खालच्या खणात अंथरलेत," शिपाईकाका म्हणाले. "जाडजूड आहेत, टाकवत नाहीत."

"खण रिकामा करायचाय. आत्ता!"

"ताई, त्यांच्यावर नमुन्यांचे गठ्ठे चाळीस आहेत आणि माझी कंबर एकच."

तरी वाकले बिचारे. मी एकेक टीपकागद खिडकीशी धरत गेले. नवव्यावर होती ती! नखाएवढी, पातळ. नमुन्यावरचा डाग उजवीकडे झुकलेला, ही डावीकडे. टीपकागद पालथा घालून डागावर धरला. फाटे तंतोतंत जुळले. मी इतक्या जोरात ओरडले की काकांनी गठ्ठाच सोडला.

टोकाचा कण पाण्याच्या थेंबात ठेवला. पाच मिनिटांत तो फुगला, लाल झाला, जणू आत्ताच समुद्रातून काढलाय. मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या. मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले.

"बीजाणूंच्या चार-चारच्या चौकड्या," त्या पुटपुटल्या. "आणि देठावर! ज्या नेहमीच्या जातीची आपल्याला शंका होती, तिच्यात देठावर कधीच नसतात."

"म्हणजे?"

डोळा न हलवता त्यांनी हात पुढे केला. "प्रबंध आण. 'कदाचित नवी जात' लिहिलंयस ना? त्यातलं 'कदाचित' खोडते."