बारा आठवड्यांचे पोट

मित्रांनो, डिलाईल रोडवरच्या एका चाळीच्या तळमजल्यावर व्यायामशाळा आहे. आत शिरलात की डाव्या हाताला, मुद्गलांच्या शेजारी, माणसाच्या छातीइतका उंच लोखंडी वजनकाटा उभा दिसेल. तो मी. माझ्या अंगावरचा हिरवा रंग ठिकठिकाणी उडाला आहे आणि एक पाय किंचित आखूड झाल्याने त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. पण माझा आकडा अजून चुकत नाही.

माझी रचना साधी आहे. खाली उभे राहायची फळी, मागे खांब, खांबावर पितळेची आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारे एक वजन. तुम्ही फळीवर चढता, कोणीतरी ते वजन हळूहळू पुढे सरकवते आणि दांडी मधोमध तरंगू लागली की तुमचा आकडा कळतो. तरंगणारी दांडी कधीच पूर्ण स्थिर नसते. वर उभ्या असलेल्या माणसाचे हृदय जसे धडधडते, तशी ती बारीक थरथरत असते. लोकांच्या हे लक्षात येत नाही. मला मात्र तळपायातून प्रत्येक ठोका कळतो. म्हणूनच गेल्या वर्षी मी जितका घाबरलो, तितका उभ्या आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका ओतशाळेत झाला. तिथून मला इथल्या एका गिरणीच्या दवाखान्यात आणले. खोकणारे, खंगलेले कामगार माझ्यावर उभे राहत आणि अर्धा किलो वाढला तरी कंपाउंडर त्यांची पाठ थोपटत असे. त्या काळी वजन वाढले की घरात आनंद व्हायचा. पुढे गिरणी बंद पडली. भंगारात जाण्याआधी एका कामगाराने मला हातगाडीवर घालून या व्यायामशाळेत आणले. त्याचा मुलगा जयवंत आता सत्तरीला आला आहे. सगळे त्याला जयवंतकाका म्हणतात. रोज सकाळी साडेपाचला कुलूप उघडणारा आणि दसऱ्याला मला झेंडूचा हार घालणारा तोच.

पूर्वी माझ्यासमोर रांग लागायची. मग आसपास काचेच्या मोठमोठ्या जिम उभ्या राहिल्या. तिथे पाय ठेवताच आकडा चमकतो म्हणे. हळूहळू माझ्या खांबावर लोक टॉवेल वाळत घालू लागले. मला वाईट वाटायचे, पण भीती वाटावी असे काही नव्हते.

भीतीची सुरुवात एका दुपारी झाली.

जानेवारी महिना होता. जयवंतकाका जत्रेसाठी कोकणात गावी गेले होते आणि व्यायामशाळेची किल्ली वैभवकडे होती. वैभव याच चाळीतला, सव्वीस वर्षांचा. अठराव्या वर्षापासून त्याने इथेच घाम गाळला. आता तो गिरणीच्या जागेवर झालेल्या एका मोठ्या जिममध्ये ट्रेनर होता. त्या दुपारी तो एका फोटोग्राफरला घेऊन आला.

आल्या आल्या त्याने दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि वर सोड्याच्या दोन बाटल्या रिचवल्या. मग शर्ट काढून तो ट्यूबलाइटखाली उभा राहिला. खांदे पाडले, पोट सोडले, तोंड पाडले. पहिला फोटो निघाला. त्यानंतर त्याने शंभर जोर काढले, अंगाला तेल चोळले आणि खिडकीच्या तिरप्या उन्हात श्वास रोखून हसत उभा राहिला. पोटाचे सहाच्या सहा तुकडे कोरल्यासारखे दिसू लागले. दुसरा फोटो निघाला. दोन्ही फोटोंमध्ये फार तर दीड तास गेला असेल.

“वजन घे ना एकदा,” फोटोग्राफर गमतीत म्हणाला.

वैभव माझ्यावर चढला. चौऱ्याहत्तर. मिसळ खाऊन चढला होता तेव्हाही चौऱ्याहत्तरच होते. दोघे खूप हसले.

महिन्याभराने ते दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावलेला भला मोठा फलक चौकात लागला. लोक इथे येऊन त्याविषयी बोलत, त्यावरून मला कळले. फलकावर लिहिले होते, ‘फक्त बारा आठवडे!’

मित्रांनो, वैभवचे पोट खोटे नव्हते. आठ वर्षांची मेहनत होती ती. खोटे होते ते बारा आठवडे.

समोरच्या चाळीत राजेश राहतो. विम्याच्या कचेरीत नोकरी, घरी बायको दर्शना आणि शाळेत जाणारी मुलगी. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत त्याचा थोरला भाऊ रघुवीर जिना चढताना छातीत कळ येऊन गेला. वय त्रेचाळीस. राजेश तेव्हा एक्केचाळीसचा होता. फलक लागल्यावर काही दिवसांनी तो व्यायामशाळेत आला आणि माझ्यावर उभा राहिला, तेव्हा त्याचे काळीज सशासारखे धडधडत होते. आकडा आला एकोणऐंशी.

“काका, दादाचं पोट सुटलेलं. माझं पण सुटलंय,” तो जयवंतकाकांना म्हणाला. “मला ते घालवायचंय. पूर्ण. त्या बोर्डावरच्यासारखं.”

“व्यायाम कर की. पण आधी डॉक्टरला दाखव,” काका म्हणाले. “पोट सपाट झालं म्हणजे हृदय बरं, असं नसतं रे.”

“दाखवतो, दाखवतो.”

पण तो दाखवणार नव्हता. डॉक्टर म्हणताच त्याचे ठोके आणखी वाढले, ते मला कळले होते. डॉक्टर काय सांगतील, याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती होती.

तेवढ्यात वैभव स्वतःच्या व्यायामाला आला. राजेशने त्याला अडवले. “वैभव, खरं सांग हां. बारा आठवड्यांत होतं?”

वैभवने त्याच्याकडे पाहिले. मला वाटले, आता सांगेल. पण फलकामुळे जिममध्ये माणसांची रीघ लागली होती आणि खरे बोललो तर नोकरी जाईल, ही धास्ती त्याला होती. तो बुटाची नाडी बांधायला वाकला. खाली बघतच म्हणाला, “मनापासून केलं तर होतं की, राजूदादा.”

त्या दिवसापासून मी राजेशचे आकडे मोजू लागलो. पहिल्या पंधरवड्यात तीन किलो उतरले. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. मग भात सुटला, पोळी सुटली. घरचा डबा तो कचेरीतल्या शिपायाला देऊ लागला आणि स्वतः काकडी आणि अंड्याचा पांढरा भाग एवढ्यावर राहू लागला. सकाळी दीड तास व्यायाम आणि संध्याकाळी चाळीचे चार मजले पंधरा वेळा वर-खाली. एकाहत्तर. अडुसष्ट. सहासष्ट.

आधी त्याचे पाय माझ्यावर घट्ट रोवलेले असत. पुढे ते थंड पडू लागले. फळीवर चढताना तो खांबाचा आधार घेऊ लागला. आठव्या आठवड्यात त्याच्या हृदयाचा एक ठोका चुकला. मी वाट पाहिली. पुढचा ठोका आला, पण उशिरा आणि घाईघाईने. मी हादरलो. गिरणीच्या दवाखान्यात मी असे ठोके ऐकले होते, आणि त्यातली काही माणसे पुन्हा माझ्यावर उभी राहायला आलीच नव्हती.

मित्रांनो, लोखंडाला तोंड नसते, याचे तोवर मला कधी दुःख झाले नव्हते.

“राजेश, चेहरा बघ आरशात. गालफडं बसलीत तुझी,” जयवंतकाका एकदा रागावले.

“चेहऱ्याचं सोडा हो. पोट अजून दिसत नाही, तुकडे सुटे होत नाहीयेत,” तो म्हणाला. “वैभवचे दिसतात ना? मग माझंच काहीतरी कमी पडतंय.”

वैभव समोरच डंबेल पुसत उभा होता. तो डंबेल पुसत राहिला. पण त्या दिवसानंतर तो राजेशच्या वेळेला यायचे टाळू लागला.

मे महिन्यातला रविवार उजाडला. बारा आठवडे पूर्ण होत होते. राजेशने वैभवला आग्रहाने बोलावले होते, कारण त्याला फलकावरच्यासारखाच फोटो काढून हवा होता. मोबाइलवर कुठेतरी त्याने पाहिले होते की फोटोच्या आधी पाणी बंद केले की कातडी पोटाला चिकटते आणि तुकडे उठून दिसतात. त्याने शुक्रवार संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बाहेर सकाळी सातलाच अंगाची काहिली होत होती.

त्याने शर्ट काढला. ओठ फुटले होते. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. तो माझ्यावर चढला.

“आधी वजन बघू. मग साइडने उजेड घे हां, बोर्डावर आहे तसा,” तो वैभवला म्हणाला. आवाज कोरडा पडला होता.

वैभवने वजन सरकवले. त्रेसष्ट. दांडी तरंगली, आणि मला जे कळले त्याने मी गारठलो. एक ठोका. मग काही नाही. मग तीन ठोके एकावर एक. मग पुन्हा काही नाही. त्याचे गुडघे लटपटत होते, ती लटपट माझ्या फळीतून खांबात आणि खांबातून दांडीत चढली. दांडी कडेच्या लोखंडावर टक्, टकटक, टक् अशी आपटू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढा मोठा आवाज केला असेल.

“काका, काटा बिघडला वाटतं,” वैभव म्हणाला.

जयवंतकाका खुर्चीतून उठून आले. त्यांनी दांडीवर बोट ठेवले. क्षणभर थांबले. मग राजेशचे मनगट धरले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काटा नाही रे बिघडला! धर त्याला, वैभव, धर!”

वैभवने हात पुढे केले तोवर राजेश कोसळला होता. त्याचे डोके माझ्या खांबाला घासून गेले. काकांनी हाका मारल्या, पण त्याने डोळे उघडले नाहीत. दोघांनी त्याला उचलले, आणखी दोघे धावत आले, रस्त्यावर टॅक्सी थांबल्याचा आवाज झाला आणि सगळे गेले.

व्यायामशाळा रिकामी झाली. माझी दांडी बराच वेळ हलत राहिली. फळीवर त्याच्या पायांचा ओला ठसा होता, तो हळूहळू वाळला. ऊन खिडकीतून आत आले, भिंतीवर चढले आणि निघून गेले. कोणीच आले नाही. तो ठसा वाळताना बघणे फार भयंकर होते, मित्रांनो. माझ्यावर उभा राहिलेला हा त्याचा शेवटचा दिवस आहे का, हे मला सांगायला तिथे कोणी नव्हते.

पाचच्या सुमाराला दर्शना राजेशची पिशवी आणि चपला न्यायला आली. सोबत जयवंतकाका आणि वैभव होते.

“शुद्धीवर आलेत,” ती म्हणाली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. “अंगातले क्षार पार उतरलेत म्हणे. आणखी उशीर झाला असता तर हृदय बंद पडलं असतं. डॉक्टर मला विचारतात, किती दिवस पाणी प्यायले नाहीत? मला माहीतच नाही! एका घरात राहते मी त्यांच्याबरोबर!” तिला रडू आवरेना. मग ती वैभवकडे वळली. “तू तर केलंस ना हे सगळं? तुला कसं काही झालं नाही?”

वैभव भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला.

“वहिनी, मी नाही केलं,” तो म्हणाला. “ते दोन्ही फोटो एका दुपारचे आहेत. इथेच काढले. याच खिडकीत.”

जयवंतकाका त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. रागावले की त्यांच्या तोंडात गावची बोली येते. “मेल्या, ह्यां काय केलंस? अरे, तो तुका इचारूक इलो होतो!”

“राजूदादाने विचारलं, तेव्हा नोकरी जाईल म्हणून घाबरलो, काका.”

दर्शनाने डोळे पुसले. ती ओरडली नाही. “हे मी त्यांना सांगणार नाही,” ती म्हणाली. “तू सांगायचंस. उद्या भेटायच्या वेळेला ये आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांग.”

वैभव दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेला. राजेशने सगळे ऐकून घेतले आणि भिंतीकडे तोंड फिरवले, असे काका नंतर कोणाला तरी सांगत होते. पुढचे सहा महिने तो वैभवशी एक शब्द बोलला नाही. मला त्यात काही चूक वाटत नाही.

वैभवने जिममध्ये फलक उतरवायला सांगितले. तिथल्या लोकांनी ऐकले नाही. मग त्याने स्वतःच्या मोबाइलवरून सगळी खरी हकीकत लोकांना सांगितली आणि त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली. फलक मात्र पुढची जाहिरात येईपर्यंत तसाच होता.

आणि डॉक्टरांच्या ज्या तपासणीला राजेश एवढा भ्याला होता, ती रुग्णालयात अर्ध्या तासात उरकली. रक्तदाब थोडा जास्त निघाला. रोज एक गोळी, कमी मीठ, चालणे आणि वेळेवर जेवण. बस, एवढेच. आता तो दर्शनाबरोबर संध्याकाळी येतो. सत्तरवर आहे. त्याचे ठोके एका लयीत पडतात, तरी तो फळीवर पाय ठेवतो तेव्हा माझी दांडी आधी त्याच्यासाठी कान टवकारते. एकदा बसलेली भीती लोखंडातूनही लवकर जात नाही.

वैभव आता सकाळची तुकडी इथेच घेतो. परवा प्राची नावाची एक नवी मुलगी आली. तिने पिशवी ठेवायच्या आत मोबाइल पुढे केला. त्यावर कोणा परक्या बाईचे दोन फोटो होते.

“असं व्हायला किती दिवस लागतील, सर?”

वैभवने फोटोकडे पाहिलेसुद्धा नाही. “आज सकाळी काय खाल्लंत?” त्याने विचारले.

“काहीच नाही.”

“आणि काल रात्री?”

मोबाइल पिशवीत टाकून ती माझ्या फळीवर चढली. तेव्हा मला कळले, तिचे पाय थंडगार होते.

“उतरा आधी,” वैभव म्हणाला. “समोर पोहे मिळतात. खाऊन या. घाई नाही, मी थांबतो.”

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. शरीर कमवा, जरूर कमवा, घाम गाळा, माझ्यावर येऊन उभे राहा. पण कोणाच्या फोटोतला उजेड बघून स्वतःच्या ताटातला घास कमी करू नका. छातीत धाकधूक असेल तर ती पोटाखाली लपवू नका, डॉक्टरांना सांगा, घरच्यांना सांगा. आणि शेजारचा माणूस दिवसेंदिवस वाळत चाललेला दिसला, तर कौतुक करायच्या आधी त्याला जवळ बसवून विचारा, जेवलास का?

मी ते विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकता.