प्रात्यक्षिकाचा रकाना

प्रशिक्षकाने फळ्यावरचं पेरणी यंत्र पाचव्या दिवशी पाचव्यांदा पुसलं. खडूची धूळ मिशीवर बसली होती. खिडकीबाहेर शेडमध्ये खरं यंत्र उभं होतं, ताडपत्रीखाली, खात्याचं सील लावून. तपासणी अधिकारी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. आणि साहेब येणार होते पुढच्या महिन्यात, म्हणजे पेरण्या उरकल्यावर.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे त्याला नवीन नव्हतं. पण माणसांना विहिरीच्या काठावर बसवून पोहायला शिकवायचं म्हणजे फारच झालं. रोज जेवणाच्या सुट्टीत तो कार्यालयात जाऊन वर स्मरणपत्र लिहायचा. कागदी घोडे नाचत होते, उत्तराचा पत्ता नव्हता.

आज शेवटचा तास. टेबलावर वर्गातल्या अठरा शेतकऱ्यांचे दाखले होते आणि प्रत्येकावर एक रकाना: प्रात्यक्षिक पूर्ण. तिथे त्याची सही नसेल, तर या हंगामात एकालाही सवलतीचं यंत्र मिळणार नव्हतं.

"मी खोटी सही करणार नाही," तो चिडून म्हणाला. "उद्या कुणाचा हात साखळीत गेला तर? या खात्यापुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं!"

पहिल्या बाकावरच्या मावशी उठल्या. वर्गात वयाने सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत कमी बोलणाऱ्या.

"खोटी कशाला, सर? करा सही. प्रात्यक्षिक झालंय."

"कधी?"

"तुम्ही पत्र लिहायला जायचात ना, तेव्हा. सील पुढच्या दोरीला आहे. मागून ताडपत्री मोकळीच होती."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

"चाक उचलून वीस फेरे, नळ्यांखाली पिशव्या, मग पडलेलं बी तोलायचं. तुम्ही सांगितलंत तसंच केलं," मावशी म्हणाल्या. "फक्त डावीकडची तिसरी नळी तुंबते. ती आधी काडीने मोकळी करावी लागते. हे फळ्यावर नव्हतं."

हसावं की रागवावं, प्रशिक्षकाला कळेना. पाच दिवस तो सरकारला शिव्या घालत होता आणि सरकारच्याच सीलची राखणही करत होता. त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने पेनाला टोपण लावलं आणि तो शेडकडे निघाला. सगळा वर्ग मागोमाग आला.

मावशींनी मागून ताडपत्री वर धरली. तो वाकून आत शिरला आणि चाकापाशी उकिडवा बसला.

"कुठून सुरुवात करायची, ते सांगा," तो हळूच म्हणाला. "या यंत्राला मीही अजून हात लावलेला नाही."